पॉम्पेईचं अँफिथिएटर, १:२०० : कामाच्या नोंदी

२ मे

काम नक्की झालं. एका शाळेच्या इतिहास-खोलीसाठी रोमन रिंगणाची प्रतिकृती. आमचा नेहमीचा धंदा बिल्डरांची मॉडेल्स करण्याचा, त्यामुळे गच्च्या, पार्किंग आणि प्लास्टिकची झाडं यात हात बसलेला. हे वेगळं होतं म्हणून घेतलं. पैसे बेताचे, मुदत गणपतीच्या आधीची.

शाळेच्या सरांना अर्थातच कोलोसियम हवं होतं. त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. कोलोसियम १८८ बाय १५६ मीटर. १:२०० ला म्हणजे ९४ बाय ७८ सेंमी नुसती इमारत. एका मजल्याला ८० कमानी, असे तीन मजले, म्हणजे २४० कमानी आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना अर्धस्तंभ. त्यांच्या बजेटमध्ये त्यातल्या साठेक कमानी झाल्या असत्या. त्याऐवजी पॉम्पेई सुचवलं, म्हणजे ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या त्या रोमन शहरातलं अँफिथिएटर. १३५ बाय १०४ मीटर, म्हणजे ६७.५ बाय ५२ सेंमी, आणि बाहेरून जवळजवळ साधं. वर ते कोलोसियमपेक्षा दीडशे वर्षांनी जुनं. इ.स.पू. ७० च्या सुमाराचं, म्हणजे आज शिल्लक असलेल्या दगडी अँफिथिएटरांत सगळ्यात आधीचं. बांधणाऱ्यांची नावंही शिलालेखात आहेत, क्विंक्टियस वाल्गस आणि मार्कस पोर्कियस. दोघे गावचे अधिकारी, 'स्वतःच्या पैशाने बांधून वसाहतीच्या लोकांना कायमचं दिलं' असं दगडावर कोरून मोकळे झाले. गावातलं छपराचं छोटं नाट्यगृहही याच जोडीचं.

सर तरी 'कोलोसियमच बरं, मुलांना माहीत असतं' म्हणत होते. मग इ.स. ५९ मध्ये तिथे झालेल्या दंगलीची गोष्ट सांगितली. सर म्हणाले, "अहो मग हेच करा की."

५ मे

मापं. कोणी हे करणार असेल तर आधी एवढं ठरवून घ्या, बाकी सगळं यावरच उभं राहतं.

रिंगण साधारण ६७ बाय ३५ मीटर, मॉडेलमध्ये ३३.४ बाय १७.५ सेंमी. रिंगणाचा तळ बाहेरच्या जमिनीपेक्षा सुमारे ६ मीटर खाली, म्हणजे ३ सेंमी. बैठकांचे तीन पट्टे, खालून ५, १२ आणि १८ ओळी, एकूण ३५. ओळीची उंची सरासरी ४० सेंमी धरली. १:२०० ला ती बरोबर २ मिमी येते आणि बाइंडिंगवाल्याकडचा राखाडी पुठ्ठा २ मिमीचाच मिळतो. एक ओळ, एक थर. ओळीची रुंदी ३.५ मिमी धरली. उरलेली जागा पट्ट्यांमधल्या वाटा, कठडे आणि वरच्या गच्चीत जाते.

पाया असा: खाली १२ मिमी प्लाय, ९० बाय ७५ सेंमी. त्यावर ३ सेंमीच्या पट्ट्यांची चौकट. म्हणजे रस्त्याची पातळी वर आणि रिंगण खाली प्लायवर. हे उलट करू नका. रिंगण पायाच्या वर धरलं की इमारत उगाच ३ सेंमी उंच दिसते आणि पॉम्पेईची सगळी ओळखच जाते. ती इमारत अर्धी जमिनीत आहे.

११ मे

आकारात अडकलो.

लंबवर्तुळ म्हटलं की आपण दोन खिळे ठोकून दोरी फिरवतो. तसंच केलं, रिंगणाला एकदा आणि बाहेरच्या भिंतीला एकदा. मग रिंगणाच्या कडेपासून ३.५ मिमीच्या मापाने एकेक ओळ बाहेर आखत नेली. लांबीच्या आणि रुंदीच्या टोकांना हिशेब चोख बसला. पण तिरक्या चार बाजूंना शेवटची ओळ बाहेरच्या रेषेच्या पलीकडे गेली, जवळजवळ ३ मिमी. म्हणजे एक अख्खी ओळ गायब करायची किंवा भिंत फुगवायची.

चूक आखणीत नव्हती. लंबवर्तुळापासून सगळीकडे सारख्या अंतरावर काढलेली रेष पुन्हा लंबवर्तुळ होत नाही, एवढंच. आता खऱ्या इमारतीची मापं पाहा. लांबीकडे (१३५ वजा ६७) भागिले २ म्हणजे ३४ मीटर. रुंदीकडे (१०४ वजा ३५) भागिले २ म्हणजे साडेचौतीस. बैठकांचा पट्टा दोन्हीकडे सारखाच. दगडात पस्तीस ओळी बसवायच्या तर हे असंच असायला हवं, नाहीतर प्रत्येक दगड वेगळ्या मापाचा कापावा लागला असता.

उपाय म्हणजे वर्तुळाच्या कंसांचा अंडाकार. चार केंद्रबिंदू. मी घेतलेले असे: लांब अक्षावर मध्यापासून ११.७ सेंमीवर दोन, आखूड अक्षावर १६.४ सेंमीवर दोन. रिंगणाला टोकाची त्रिज्या ५ सेंमी आणि पोटाची २५.१. पुढच्या प्रत्येक ओळीला केंद्रबिंदू तेच, त्रिज्या ३.५ मिमीने वाढवत न्यायची. शेवटी बाहेरची रेष ६७.४ बाय ५१.४ सेंमी आली. रुंदीत दोन्ही बाजूंना ३-३ मिमी कमी, ते चालवून घेतलं. केंद्रबिंदू चार घेतले तरी चालतात, आठ घेतले तर वळण जास्त मऊ येतं. मोठ्या कंपासऐवजी लोखंडी पट्टीला भोकं पाडून खिळ्यावर फिरवली, सगळ्यात सोपं.

१८ मे

सगळे थर लेझरवर कापून आणले. घरी येऊन मोजले तर प्रत्येक थर किंचित लहान. कापणाऱ्याने फाइल शीटवर बसवण्यासाठी 'थोडी' लहान केली होती आणि सांगितलं नव्हतं. पुठ्ठा वाया, कापायचे पैसे वाया. भांडून उपयोग नाही. आता प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात १०० मिमीची रेघ टाकतो आणि पहिला तुकडा कापला की तिथेच मोजपट्टी लावतो. तुम्हीही टाका.

खालचे मोठे थर दुसरीकडे कापून घेतले. वरच्या पट्ट्याचे हाताने, कटरने कापतोय. ब्लेड दर दोन थरांनी मोडायचं. बोथट ब्लेडने पुठ्ठ्याची कड चुरगळते आणि रंगवल्यावर तीच नेमकी डोळ्यावर येते.

२६ मे

बिल्डरांच्या मॉडेलची सवय नडली. आतला सांगाडा बरगड्यांचा केला. मध्यापासून बाहेर जाणाऱ्या २४ उभ्या पट्ट्या, सनबोर्डच्या, वरून पायऱ्या पाडलेल्या, आणि त्यावर पुठ्ठ्याचे थर. हलकं, स्वच्छ, झटपट काम.

प्रत्येक थर खालच्या थरावर थोडासा टेकलेला आणि बाहेरच्या बाजूला लोंबता. रिंगणाजवळ बरगड्या जवळजवळ असतात, तिथे सगळं ठीक. बाहेर गेल्यावर दोन बरगड्यांत ८ सेंमीची फट पडते आणि तिथे थर खाली झोळले. वरच्या पट्ट्यात २ मिमी झोळ, म्हणजे एक पूर्ण ओळ खाली. बैठका समुद्राच्या लाटेसारख्या दिसायला लागल्या. मधे आणखी बरगड्या घालता आल्या असत्या, पण तोवर अर्धं चिकटवून झालेलं.

रात्री आराखडा पुन्हा पाहत बसलो तेव्हा लक्षात आलं की बरगड्यांचा सांगाडा कोलोसियमचा आहे. तिथे खरंच आत पोकळ कमानदार छतं, मधून जिने, फिरायच्या गल्ल्या. पॉम्पेईत तसं काही नाही. तिथे मधे खड्डा खणला, निघालेली माती भोवती रचली आणि त्या भरावावर लोकांना बसवलं. आत भरीव माती. सांगाडा नाहीच.

सगळं सोलून काढलं. बरगड्या कचऱ्यात.

३ जून

भरावाला शाडू आणला. या दिवसांत शाडू कुठेही मिळतो. पुठ्ठ्याला खालून प्रायमर मारला, ओला शाडू थापला, वर थर बसवले. सुरेख दिसलं. चार दिवसांनी शाडू वाळून आकसला, पुठ्ठ्यापासून सुटला आणि आडव्या-उभ्या भेगा गेल्या. दक्षिणेकडचे थर तर नखाने उचलता येत होते.

थर्माकोल घालून मोकळं व्हावं असा मोह झाला. पण २०१८ च्या बंदीपासून आमच्या भागातले दुकानदार ते ठेवत नाहीत, आणि शाळेत नेऊन ठेवायच्या वस्तूत मलाही ते नको होतं.

१५ जून

हा उपाय चालला, म्हणून सविस्तर लिहितो.

वाळलेला शाडू फोडून चाळला. त्यात तितकाच लाकडाचा भुसा, सुताराकडचा बारीक. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्यावर नुसता शिंपडायचा. मूठ वळली तर वळावी, पण बोटांना चिकटू नये इतकाच ओलावा. मग अर्ध्या सेंमीचा थर टाकायचा, लाकडी ठोकळ्याने ठोकायचा, वाळू द्यायचा आणि पुढचा थर. रस्त्याच्या भरावावर धुमस मारतात तेच, फक्त धुमस मुठीएवढा. भुशामुळे आकसत नाही, ठोकल्यामुळे भेग जात नाही. प्रत्येक थरावर लगेच पुठ्ठ्याच्या ओळी बसवत गेलो. झोळ शून्य.

वाळायला मात्र वेळ जातो, आणि पाऊस सुरू झाला होता. पंखा, शंभरचा पिवळा बल्ब आणि वाट पाहणं. घाई करून एकदा ओल्यावर ओला थर टाकला तर खालून बुरशीचा वास आला. तेवढा भाग खरवडून काढावा लागला.

वजन किती होईल याचा विचार तेव्हा केला नव्हता. आता करतोय. पंधरा किलोच्या वर जाईल.

२४ जून

पश्चिमेची बाहेरची भिंत फुगली. ३ मिमी एमडीएफची सलग पट्टी वाकवून लावली होती, आतून भराव ठोकताना ती बाहेर ढकलली गेली. मधल्या भागात चार मिमी पोट आलं.

खऱ्या भिंतीकडे पाहिलं तर तिला बाहेरून थोड्याथोड्या अंतरावर जाड टेकू आहेत आणि त्यांच्यामध्ये आंधळ्या कमानी. फोटोत मी त्या शोभेच्या समजत होतो. मातीचा दाब सगळ्यात जास्त बाहेरच्या भिंतीवर येतो, म्हणून तिला असे खांब दिलेत. तसेच ५ मिमी एमडीएफचे टेकू कापून भिंतीला बाहेरून चिकटवले, मधे कमानीचे तुकडे. क्लॅम्प लावून रात्रभर ठेवलं. पोट जिरलं, आणि बाहेरची बाजू आपोआप खऱ्यासारखी झाली.

दुसरी गोष्ट पूर्व आणि दक्षिण बाजूची. तिथे मी उगाच भिंत घातली होती. हे अँफिथिएटर शहराच्या आग्नेय कोपऱ्यात, तटबंदीला चिकटून आहे. तटाच्या आतल्या बाजूचा मातीचा बांध आधीच तयार होता, बांधणाऱ्यांनी दोन बाजूंनी त्यालाच पाठ लावली आणि तेवढा भराव वाचवला. जागाही सोयीची, कारण घरांची दाटी नाही आणि बाहेरगावची गर्दी गावात न शिरता वेशीतून थेट येते. ती भिंत काढली आणि पायाच्या कडेपर्यंत बांध भरला. वर तटबंदी आणि दोन बुरूज. बुरूज पुढे कामाला येणार आहेत, जरा मजबूत करा.

३० जून

जिने. पश्चिमेला बाहेरून दोन मोठे दुहेरी जिने आहेत, दोन्हीकडून चढून वर एका ठिकाणी मिळणारे. सर फोटो पाहून म्हणाले, "जिना बाहेर का? आत करायचा ना." आत कुठे करणार? आत माती आहे. वरच्या अठरा ओळींत बसणाऱ्यांना भराव चढून गच्चीवर जायचं आणि तिथून खाली उतरून आपली जागा गाठायची, दुसरा मार्गच नाही.

पायरी १ मिमीची हवी. पुठ्ठ्यात जमत नाही. जाड आर्ट कार्डचे तुकडे एकावर एक चिकटवून मग धारदार ब्लेडने तिरके कापले. खाली कमानींचा आधार. या एका बाजूवर जितका वेळ गेला तितका संपूर्ण खालच्या पट्ट्यावर गेला नव्हता. पण समोरून पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा इथेच जाते.

७ जुलै

बोगदे. रिंगणात उतरणारे दोन, लांब अक्षाच्या दोन टोकांना. उत्तरेचा सरळ, रस्त्यावरून उतरत ३ सेंमी खाली येतो. दक्षिणेचाही मी सरळ केला, तो थेट तटबंदीच्या पोटात गेला. खरा बोगदा काटकोनात वळून पश्चिमेला बाहेर पडतो, कारण समोर तट आहे. भराव पुन्हा फोडला. आता भराव ठोकण्याआधी बोगद्यांच्या जागी पीव्हीसीचा पाइप अर्धा चिरून ठेवायचा, हे शिकलो. पश्चिमेचे दोन बोगदे प्रेक्षकांचे. ते बैठकांखालच्या गोल गल्लीत उघडतात आणि तिथून खालच्या-मधल्या पट्ट्याचे लोक आपापल्या जागी जातात. म्हणजे साहेब लोक खालून, बाकीची जनता बाहेरच्या जिन्याने.

उत्तरेच्या बोगद्यात विटांच्या कमानी रंगवल्या, दोन्ही बाजूंना पुतळ्यांचे कोनाडे कोरले. कोनाडे कुस्पियस पान्सा बापलेकांच्या पुतळ्यांचे, नावं खाली कोरलेली आहेत. छान झालं होतं. मग सरांशी बोलताना ठरलं की दृश्य इ.स. ५९ चं दाखवायचं. विटांची डागडुजी आहे ६२ च्या भूकंपानंतरची. ५९ मध्ये ती कुठून असणार? विटांवर लांबी (पुट्टी) भरून पुन्हा दगडी रंग दिला, कोनाडे बुजवले. वर्ष आधी ठरवा, रंगाचा डबा मग उघडा.

१६ जुलै

बैठकांचा रंग. दगड राखाडी, जवळच्या नुचेरिया गावाकडचा टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड. पांढऱ्यात काळा मिसळलेला राखाडी रंग सिमेंटसारखा दिसतो. त्यात थोडी पिवळी माती आणि चिमूटभर हिरवा घातला तेव्हा दगड झाला. बाहेरची भिंत लाव्ह्याच्या ओबडधोबड तुकड्यांची, गडद. तिथे स्पंजने थापलं.

सगळ्या बैठका दगडी केल्या नाहीत. सुरुवातीला पुष्कळ भागात लोक मातीच्या उतारावर किंवा लाकडी बाकांवर बसत. पुढे निवडून आलेल्या अधिकाऱ्यांनी खेळ भरवण्याऐवजी आपापल्या नावाची एकेक फाक दगडात बांधून दिली, आणि तसं कठड्यावर कोरून ठेवलं. म्हणून वरच्या पट्ट्याच्या दोन फाका मातीच्या ठेवल्या, वर बारीक चाळलेला हिरवा भुसा. सर म्हणाले, काम अपुरं वाटतंय. त्यांना म्हटलं, सर, तिथेही अपुरंच होतं. पटलं की नाही माहीत नाही, पण पुढे बोलले नाहीत.

२५ जुलै

रिंगणाभोवतीचा कठडा, मॉडेलमध्ये सुमारे १ सेंमी उंच. यावर चित्रं होती. १८१५ मध्ये ती उकरून काढली तेव्हा रंग ताजे होते. काही महिन्यांत थंडीने गिलावा फुटून सगळी गेली. त्या वेळी उतरवून घेतलेल्या रंगीत नकलांवर आपण जगतोय. त्यांत लढाईची तयारी करणारे ग्लॅडिएटर आहेत, लांब काठी घेतलेला पंच आहे, कर्णा फुंकणारा आहे, शिकारीची जनावरं आहेत, मधेमधे पंखवाल्या विजयदेवता आणि संगमरवराची नक्कल केलेले चौकोन.

१ सेंमीत हाताने काढणं माझ्या डोळ्यांना झेपलं नाही. नकलांवरून सोपी रेखाटनं केली, संगणकावर लहान केली आणि मॅट कागदावर छापली. साध्या प्रिंटरची शाई फेव्हिकॉलच्या ओलाव्याने पसरली. डिजिटल प्रेसवरून काढलेली टिकली. कागद चिकटवायला स्प्रे गम वापरा, पण बैठका झाकून. मी वर्तमानपत्र नीट दाबलं नव्हतं, खालच्या दोन ओळींवर चिकट पापुद्रा आला आणि पॉलिश पेपरने घासावा लागला.

३ ऑगस्ट

वरची कापडं. मला सगळ्यात जास्त उत्सुकता होती ती याची.

पॉम्पेईच्या भिंतींवर खेळांच्या रंगवलेल्या जाहिराती सापडल्यात. त्यात किती जोड्या लढणार, शिकार होणार का, आणि शेवटी पुष्कळदा: वर कापडं असतील. उन्हाळ्यात दगडावर बसायचं तर तीच मोठी सोय, आणि जाहिरात करण्याजोगी. ५९ च्या दंगलीचं भित्तिचित्र १८६९ मध्ये एका घरात सापडलं, आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यात कापड तटबंदीच्या दोन बुरुजांना ताणून बांधलेलं दिसतं, आणि तेही एकाच बाजूला. त्यामुळे सबंध छत करायचं नाही हे पक्कं होतं. बुरूज मजबूत करा म्हटलं होतं ते याचसाठी.

आधी मलमल लावली. १:२०० ला मलमलीचा एकेक धागा दोरखंडासारखा दिसतो. गोणपाट टांगल्यासारखं झालं. मग चपलांच्या खोक्यात येतो तो टिश्यू कागद घेतला, तांदळाच्या पातळ खळीत बुडवून चमच्याच्या पाठीवर वाळवला. मधे हलका झोळ राहिला आणि कडा ताठ. रंग चहाच्या पाण्याचा. दोरीला काळा शिवणाचा दोरा लावला तर त्याची लव उन्हात सुरवंटासारखी चमकायला लागली. मेणाच्या कांडीवरून ओढून घेतला की लव बसते.

ताणताना एक बुरूज पायापासून हलला. त्यात एम-सील भरून आतून खिळा दिला. कागद एवढासा, पण बारा दोऱ्या एकाच बाजूला ओढतात तेव्हा जोर लागतो.

११ ऑगस्ट

माणसं. दुकानात १:२०० ची तयार मिळतात, पण ती ऑफिसला निघालेली, हातात बॅगा, काही बायकांना उंच टाचा. बॅगा कापून काढल्या, अंगावर पातळ लांबीचा थेंब देऊन झगा केला, बहुतेकांना मळकट पांढरा रंग. अँफिथिएटरात वीस हजार माणसं मावत होती. मी दोनशेवर थांबलो. गर्दी म्हणून राजगिरा चिकटवायचा सल्ला एका मित्राने दिला. शाळेच्या खोलीत पावसाळ्यात राजगिरा? नको.

दंगल दाखवायची का, यावर सरांशी बराच खल झाला. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की सुरुवात टोमण्यांनी झाली, मग दगड, शेवटी हत्यारं. खेळ भरवला होता लिव्हिनियस रेग्युलसने, आधीच सिनेटमधून काढून टाकलेला माणूस. पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुचेरियाचे लोक समोरासमोर. खेळ पॉम्पेईत, त्यामुळे नुचेरियावाल्यांची जास्त माणसं गेली. प्रकरण रोमला, सम्राट नीरोकडून सिनेटकडे, तिथून कौन्सुल या सर्वोच्च अधिकाऱ्यांकडे आणि पुन्हा सिनेटकडे. निकाल असा की असले खेळ दहा वर्षं बंद, रेग्युलस हद्दपार. गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे, पण रिंगणात लाल रंगाचे डाग सांडलेलं मॉडेल शाळेत वर्षानुवर्षं राहणार. माझं मत सकाळ दाखवायचं होतं, दंगलीच्या आधीची. लोक जिने चढतायत, कापड ताणलंय, रिंगण रिकामं, पिवळी वाळू नुकतीच सारखी केलेली. शेवटी तेच ठरलं. फक्त पश्चिमेच्या जिन्याखाली एक टोळकं हातवारे करताना ठेवलंय. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

आणि बाहेर पथाऱ्या. भित्तिचित्रात अँफिथिएटरासमोर विक्रेत्यांचे तंबू आहेत, आणि बाहेरच्या कमानींवर रंगवलेली नावं सापडली, 'एडाइलांच्या परवानगीने अमुकने ही जागा घेतली' अशी. एडाइल म्हणजे रस्ते-बाजार पाहणारे नगर-अधिकारी. म्हणून प्रत्येक कमानीत एकेक ताडपत्रीचा तुकडा, खाली टोपल्या. टोपल्या म्हणजे मोहरीएवढे मातीचे गोळे, सुईने खळगा पाडलेले. एका कमानीवर ०.०५ च्या पेनाने लाल अक्षरं काढली. वाचता येत नाहीत, भिंग लावलं तरी. लाल रेघ आहे एवढं कळतं.

१८ ऑगस्ट

खर्च, ज्यांना अंदाज हवा त्यांच्यासाठी, ढोबळ आकड्यांत. प्लाय, पट्ट्या आणि एमडीएफ साडेतीन हजार. पुठ्ठा, आर्ट कार्ड, सनबोर्ड मिळून अठराशे, त्यातला मोठा वाटा वाया. लेझर दोनदा, साडेचार हजार. एकदाच लागला असता तर निम्मा. शाडू आणि भुसा सगळ्यात स्वस्त, पाचशेच्या आत. रंग, लांबी, फेव्हिकॉल, स्प्रे गम अडीच हजार. माणसं दोन हजार, यात कंजूषी करता येते. छपाई दोनशे. मजुरी धरली नाही, धरली तर काम तोट्यात.

वजन वजनकाट्यावर १७ किलो भरलं. रिक्षात पाया आडवा बसत नाही आणि उभा धरायचा नाही, ताणलेल्या दोऱ्या सुटतात. टेम्पो केला. खाली जुनी गादी आणि चारी बाजूंना उशा. शाळेच्या गेटसमोरच्या स्पीडब्रेकरवर दोन विक्रेते आणि एक तंबू पडला, तिथल्या तिथे चिकटवले. म्हणून फेव्हिक्विक आणि चिमटा खिशात असू द्या.

अ‍ॅक्रिलिकची पेटी शाळा करून घेणार आहे. त्यांना एवढंच सांगितलंय की पेटीची उंची पायापासून मोजा, बुरुजावरून नाही, आणि मागच्या बाजूला हवेसाठी दोन भोकं ठेवा. भराव आतून अजून थोडा ओला असणार.